छप्पर हवे, आडोसा नको

सार्वजनिक बागेत, चौकात किंवा तळ्याच्या काठी चार-सहा खांबांवर उभ्या असलेल्या उघड्या छपराचे, म्हणजे गझिबोचे, काय करायचे, हा वाद कुठेही निघाला तरी ठरलेल्या वाटेनेच जातो. एक बाजू फुटलेल्या बाटल्या, खांबांवर कोरलेली नावे आणि दुपारभर आडवे झालेले लोक यांची छायाचित्रे पुढे करते आणि गझिबो पाडा, निदान त्याला कुलूप लावा, अशी मागणी करते. दुसरी बाजू त्याच गझिबोचे जुने छायाचित्र काढते, त्याच्या नक्षीदार कमानींकडे बोट दाखवते आणि वारसा जपलाच पाहिजे, असे बजावते. मग कोणीतरी समजूतदार माणूस मधला मार्ग सुचवतो: पाडू नका, कुलूपही नको, पण कंबरेपर्यंत भिंत घाला, वर जाळी बसवा, भोवती मेंदीचे दाट कुंपण लावा, म्हणजे तो नीटनेटका दिसेल. सभा बहुधा या तडजोडीवर उठते. माझ्या मते मांडलेल्या सर्व पर्यायांत हाच सर्वांत वाईट आहे, आणि तो सर्वांना मान्य होतो याचे कारण असे की, या वादात छप्पर नेमके काय काम करते याचा विचार दोन्ही बाजूंनी केलेलाच नसतो.

आसऱ्याच्या प्रकारांसाठी मराठीने शब्दांची चांगली वाटणी करून ठेवली आहे. छप्पर डोक्यावर असते. ते ऊन आणि पाऊस अडवते. आडोसा बाजूला असतो; तो वारा अडवतो आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे नजर अडवतो. घराला दोन्ही असतात. मंडप, छत्री, गझिबो, बसथांब्यावरचे छत, बागेतला वाद्यमंच यांना मात्र छप्पर असते आणि आडोसा नसतो, किंवा असायला नको. माझे म्हणणे एवढेच आहे की सार्वजनिक जागेत अशी उघडी छपरे आज आहेत त्याहून पुष्कळ अधिक हवीत, असलेली पाडू नयेत, आणि कोणत्याही सबबीखाली त्यांच्या बाजू बंद करू नयेत. कारण ज्या उपद्रवाची तक्रार केली जाते तो छपरामुळे होत नाही, आडोशामुळे होतो आणि हेळसांडीमुळे वाढतो. तक्रारदार आणि तडजोडवाले मिळून जो उपाय करतात तो नेमका रोगाचाच डोस वाढवणारा असतो.

विरोधकांचा पहिला आक्षेप असा की गझिबो ही मुळात श्रीमंतांची हौस. लोकांच्या पैशाने ती कशाला पुरवायची? या आक्षेपात तथ्य आहे, हे मान्य करायला हवे. ‘गझिबो’ हा शब्दच इंग्लंडमधल्या बड्या जमीनदारांच्या उद्यानांतून आला. त्याचा छापील वापर १७५२ च्या सुमारास विल्यम आणि जॉन हाफपेनी या वास्तुरचनाकारांच्या लेखनात सापडतो, आणि ‘पाहणे’ या अर्थाच्या इंग्रजी धातूला गमतीने लॅटिन प्रत्यय चिकटवून तो घडवला असावा, असे भाषेचे अभ्यासक मानतात. म्हणजे अर्थ झाला ‘मी पाहीन’. आपल्या मालकीची हिरवळ सावलीत बसून न्याहाळण्याची ही सोय. ‘किऑस्क’ या शब्दाचे मूळही फारसी ‘कुश्क’ आणि तुर्की ‘क्योश्क’ यांत, सुलतानांच्या बागांतल्या महालवजा मंडपांत आहे. ‘पॅव्हिलियन’ लॅटिनमधल्या फुलपाखरावरून आला, कारण उभारलेला तंबू पसरलेल्या पंखांसारखा दिसे, तोही सरदारांचाच. शब्दांची ही वंशावळ पाहिली तर आक्षेप घेणाऱ्याचे पारडे जड वाटते.

परंतु शब्दाचा वंश म्हणजे वस्तूचा वंश नव्हे. इंग्लंडच्या विल्टशरमधल्या माम्सबरी गावच्या बाजारात पंधराव्या शतकाच्या अखेरीस, साधारण १४९० च्या सुमारास, दगडी कमानींचे एक अष्टकोनी छप्पर बांधले गेले. पुढच्या शतकात तिथे गेलेल्या जॉन लेलँड या अभ्यासकाने त्याचा हेतू स्पष्ट नोंदवला आहे: बाजाराला येणाऱ्या गरीब लोकांना पाऊस आला की कोरडे उभे राहता यावे. चिचेस्टरच्या चौकातले तसेच छप्पर १५०१ मध्ये तिथल्या बिशप एडवर्ड स्टोरी याने उभारून दिले, तेही गोरगरिबांना करपट्टी न भरता आपला माल तिथे मांडता यावा म्हणून. दोन्ही आज उभी आहेत. म्हणजे हौशी गझिबोचे नाव छापले जाण्याच्या अडीच शतके आधी त्याच देशात त्याच आकाराची वस्तू सरळसरळ लोकांच्या सोयीसाठी बांधली जात होती आणि तिच्यावर कोरीव काम करताना कोणी हात आखडता घेत नव्हते. मग हौस कोणती आणि गरज कोणती, हे आकारावरून ठरवायचे की आत कोण उभे राहू शकते यावरून?

दुसरा आक्षेप अधिक जोरकस आहे आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. उघड्या छपराखाली रिकामटेकडे जमतात. त्यांतले काही दारू पितात, काही आरडाओरडा करतात. आणि त्यामुळे लहान मुले घेऊन आलेली बाई किंवा एकटी आलेली म्हातारी तिकडे फिरकत नाही. हा अनुभव खरा आहे. ‘ते लोकही नागरिकच आहेत’ एवढे म्हणून त्याला उत्तर मिळत नाही, कारण मागे सरणारी ती म्हातारीही नागरिकच असते. आक्षेप जुना आहे म्हणून तो खोटा ठरत नाही. पण तो किती जुना आहे हे मात्र पाहण्यासारखे आहे. अथेन्सच्या अगोऱ्यात, म्हणजे भरचौकात, ‘चित्रांचा स्तोआ’ नावाची एक लांब ओसरी होती. मागे भिंत, पुढे खांबांची रांग, आणि ती कोणालाही खुली. ख्रिस्तपूर्व ३०० च्या सुमारास झेनो तिथे येरझारा घालत शिकवू लागला, म्हणून त्याच्या अनुयायांना स्तोइक म्हणजे ‘ओसरीवाले’ हे नाव पडले. त्याचे प्राचीन चरित्रकार दायोगेनेस लायर्तिओस सांगतो की झेनोच्या या येरझाऱ्यांमागे हेतू होता तो रिकामटेकड्यांची गर्दी तिथे जमू नये हा. म्हणजे संयमाच्या तत्त्वज्ञानाचा जनकही छपराखालच्या टोळक्याला कंटाळला होता! फरक इतकाच की त्याने ओसरीला कुलूप लावण्याची मागणी केली नाही. तो स्वतः तिथे जाऊन रोज काहीतरी करत राहिला आणि जागा आपोआप बदलली.

याचा आधुनिक पडताळा हवा असेल तर न्यूयॉर्कच्या ब्रायंट पार्ककडे पाहावे. ते काही छप्पर नव्हे, बाग आहे. पण प्रश्न तोच होता. १९७० च्या दशकात ही बाग अमली पदार्थांच्या विक्रीसाठी कुप्रसिद्ध झाली. शहरातल्या मोकळ्या जागांत लोक कसे वागतात याचे वर्षानुवर्षे निरीक्षण केलेल्या विल्यम व्हाइट यांना सल्ला विचारला गेला. त्यांनी बोट ठेवले ते बागेच्या रचनेवर: ती रस्त्यापेक्षा उंचावर होती, तिला लोखंडी कुंपण होते, दाट झुडपांची भिंत होती आणि आत शिरायच्या वाटा मोजक्या व अरुंद होत्या. थोडक्यात, बागेच्या नावाखाली शहराने भलामोठा आडोसा बांधून ठेवला होता. १९८८ मध्ये बंद करून १९९२ मध्ये ती पुन्हा उघडली तेव्हा झुडपे हटली होती, वाटा रुंद झाल्या होत्या, रस्त्यावरून आतले आणि आतून रस्त्यावरचे दिसत होते, आणि हव्या तिथे उचलून ठेवता येतील अशा खुर्च्या आल्या होत्या. पुढे ती शहरातल्या सर्वांत गजबजलेल्या बागांपैकी एक झाली. केवळ झुडपे तोडल्याने हे घडले, असे मी म्हणणार नाही. तिथे स्वतंत्र व्यवस्थापन आले, पैसा आला, पहारा आला. पण पैसा आणि पहारा मिळाल्यावर त्यांनी कुंपण उंच केले नाही, हे आपल्या कामाचे आहे.

आता त्या ‘समजूतदार’ तडजोडीकडे पुन्हा पाहावे. कंबरेपर्यंत भिंत घातली की तिच्यामागे जमिनीवर बसलेला माणूस बाहेरून दिसेनासा होतो. जाळी बसवली की तीन बाजूंची ये-जा थांबते आणि एकच दार उरते. दाराशी दोघे उभे राहिले तर आत जाणाऱ्याला त्यांच्यामधून वाट काढावी लागते आणि आत असलेल्याला बाहेर पडायला त्यांची मर्जी राखावी लागते. चारही बाजू उघड्या असलेल्या छपराखाली कोणीही, कोणत्याही क्षणी, कोणत्याही बाजूने उठून जाऊ शकते. एकट्या बाईला तिथे बसण्याचे धैर्य होते ते या सोयीमुळे. आपण ही सोय काढून घेतो, मग ती येत नाही, मग तिथे फक्त तेच उरतात ज्यांना आडोसाच हवा होता, आणि मग आपण म्हणतो, ‘बघा, सांगत नव्हतो?’ गझिबोभोवतीच्या मेंदीच्या कुंपणाइतके निरुपद्रवी दिसणारे आणि इतके नुकसान करणारे दुसरे काही मला तरी माहीत नाही.

याच मनोवृत्तीचे आणखी एक रूप म्हणजे बसायची जागाच त्रासदायक करणे. लंडनच्या कॅम्डेन विभागाने २०१२ मध्ये बसवलेले काँक्रीटचे बाक यासाठी जगभर गाजले: पृष्ठभाग सगळा तिरपा, वस्तू लपवायला फट नाही, चिकटवलेला कागद टिकत नाही आणि आडवे होणे जवळजवळ अशक्य. हेतू सफल झाला, यात शंका नाही. पण ज्या बाकावर बेघर माणसाला झोपता येत नाही त्यावर गुडघे दुखणाऱ्या आजोबांनाही धड टेकता येत नाही. छपराखाली रात्री कोणी झोपत असेल तर त्याला घर नाही ही बातमी आपल्याला त्या छपराने दिलेली असते. बातमी आणणाऱ्याला पाडून ती खोटी होत नाही. गझिबो म्हणजे घर नव्हे, त्याने घराची उणीव भरून निघत नाही, आणि घरांसाठीचा पैसा त्याकडे वळवू नये, हेही मला पूर्ण मान्य आहे. मात्र छप्पर पाडून वाचलेल्या पैशातून घरे बांधली गेली, असे निदान माझ्या तरी पाहण्यात नाही.

तिसरा आक्षेप पर्यावरणवाद्यांकडून येतो आणि मला तो सर्वांत जवळचा वाटतो: छपरे कशाला, झाडे लावा. भर उन्हात चांगल्या वाढलेल्या झाडाची बरोबरी कोणतेही छप्पर करू शकत नाही. झाड नुसती सावली देत नाही. पानांतून पाणी बाहेर टाकताना ते भोवतालची उष्णता खर्ची घालते, आणि त्याची पाने तापलेल्या पत्र्यासारखी खाली आग ओकत नाहीत. जिथे झाड जगू शकते तिथे ते आधी लावावे, याबद्दल दुमत नाही. पण आज लावलेले रोप माणसावर सावली धरायला दहा-पंधरा वर्षे घेते, आणि ऊन काही तोवर थांबत नाही. खाली वाहनतळ, नळांचे जाळे किंवा निव्वळ खडक असेल तिथे मोठे झाड धरतच नाही. आणि पावसात? पहिली दहा मिनिटे झाड तुम्हाला वाचवते आणि नंतरचा तासभर, सर थांबल्यावरही, ते तुमच्यावर पाऊस पाडत राहते. तेव्हा झाड की छप्पर, हा प्रश्नच चुकीचा मांडलेला आहे. छप्पर झाडाशेजारी हवे. संध्याकाळचे तिरपे ऊन, जे छपराच्या कडेखालून सरळ आत घुसते, ते पश्चिमेचे एक झाड जितके चांगले अडवते तितके कोणतेही छप्पर अडवत नाही.

उन्हाचा विषय निघालाच आहे तर एका गैरसमजाकडे लक्ष वेधायला हवे. छपराखाली तापमापी नेली तर पारा फारसा उतरत नाही. यावरून ‘उघड्या छपराचा उपयोग काय?’ असा प्रश्न विचारला जातो. उतरणार कसा? आत-बाहेरची हवा एकच आहे. माणसाला जाचते ती केवळ हवा नसते. निरभ्र दुपारी दर चौरस मीटरला हजार वॉटच्या आसपास येऊन आदळणारे ऊन असते, आणि छप्पर अडवते ते हेच. वेधशाळा जो आकडा जाहीर करतात तो मुळात सावलीतलाच असतो. १८६० च्या दशकात दीपगृहांचे अभियंते थॉमस स्टीव्हन्सन यांनी तापमापीसाठी एक पांढरी लाकडी पेटी आखली: वर दुहेरी छप्पर, बाजूंना झडपा, वारा आरपार जाईल पण ऊन आत येणार नाही अशी. जगभरच्या वेधशाळा हीच पद्धत वापरत आल्या. म्हणजे चाळीस अंश तापमान जाहीर होते तेव्हा ते एका छोट्या हवेशीर छपराखालच्या पाऱ्याचे असते. उपकरणाला उन्हात ठेवणे चूक आहे हे आपल्याला दीडशे वर्षांपूर्वी कळले, आणि माणसाला मात्र त्या आकड्याहून कितीतरी जाचक अशा उघड्या उन्हात बसची वाट पाहायला आपण बिनदिक्कत उभे करतो! त्या पेटीचे दुहेरी छप्परही शिकण्यासारखे आहे. एकाच पत्र्याचे छत तापले की त्याचा खालचा पृष्ठभाग डोक्यावरच्या तव्यासारखा होतो. दोन थरांमध्ये हवेला वाट ठेवली, किंवा लाकूड, कौले, गवत वापरले, तर तेच छत सुसह्य होते.

खरे तर उघड्या छपरांची बदनामी त्यांच्या कल्पनेने केलेली नाही, त्यांच्या मापांनी केलेली आहे, आणि इथे मी विरोधकांच्या बाजूने दोन पावले टाकतो. ‘त्याखाली उभे राहूनही भिजायलाच होते’, ही तक्रार बहुतेक ठिकाणी अक्षरशः खरी आहे. हिशेब अवघड नाही. दोन मिलिमीटर व्यासाचा पावसाचा थेंब सेकंदाला सुमारे साडेसहा मीटर वेगाने पडतो. वारा सेकंदाला पाच मीटर, म्हणजे ताशी अठरा किलोमीटर असेल, तर तो थेंब दर मीटर खाली येताना पाऊण मीटरहून अधिक आडवा सरकतो. वळचण तीन मीटर उंचीवर ठेवली तर झड जमिनीवर सव्वादोन मीटरहून आत येते. मग तीन मीटर रुंदीच्या गझिबोत कोरडे काय उरले? जेमतेम सत्तर सेंटीमीटरची पट्टी. तेच छप्पर पाच मीटर रुंद केले आणि वळचण दोन मीटर दहा सेंटीमीटरवर आणली, तर झड दीड मीटरच्या थोडी पुढे येऊन थांबते आणि मध्ये तीन मीटरहून अधिक रुंद कोरडी जागा उरते. सामान्य माणूस न वाकता आत येऊ शकतो, आणि बसलेल्याची नजर वळचणीखालून आरपार जाते. जुन्या सुतारांना हे आकडेमोड न करता ठाऊक होते. त्यांची छपरे रुंद आणि खाली झुकलेली असत. आजचे गझिबो मात्र उंच, सडपातळ आणि छायाचित्रात शोभून दिसणारे असतात, आणि पहिल्या वादळी सरीत त्यांचे सोंग उतरते. ते उतरले की बाजू बंद करा, अशी मागणी येते. भिंत न घालता झडीला उत्तर देता येते, एवढे जरी लक्षात घेतले तरी निम्मा वाद मिटेल.

वाऱ्याचेही तसेच. उघड्या छपराखाली वारा शिरतो, वरूनही वाहतो, आणि दोहोंच्या मधले छप्पर उचलले जाऊ पाहते. वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ३६ किलोमीटरच्या वाऱ्यात तीन मीटर बाय तीन मीटरच्या छतावर ढोबळमानाने पंचावन्न किलो वजनाइतका जोर येऊ शकतो. वेग दुप्पट, ताशी ७२ किलोमीटर झाला की तोच जोर चौपट, म्हणजे सव्वादोनशे किलोच्या घरात जातो. आणि १०८ किलोमीटरच्या वादळात जवळजवळ अर्धा टन. म्हणूनच घडीचे कापडी गझिबो चार खुंट्यांच्या भरवशावर उभे करणे धोक्याचे, आणि कायमच्या छपराच्या खांबांना खाली पायाशी आणि वर तुळईशी नीट जखडणे अनिवार्य. छप्पर हलके म्हणून पाया हलका, हा ठेकेदारी हिशेब इथे नेमका उलटा लागू होतो. हलक्या छपरालाच धरून ठेवायला जड पाया लागतो.

एका बाबतीत मात्र उघड्या छपराचा पुरस्कर्ता म्हणून मला माघार घेतलीच पाहिजे. विजा कडाडत असताना उघडे छप्पर आसरा देत नाही. गझिबो, बसथांब्याचे छत, बागेतला मंडप, यांपैकी काहीही वीज पडण्यापासून वाचवत नाही. उलट मोकळ्या मैदानात एकटेच उंच उभे असलेले छप्पर वीज आपल्याकडे ओढू शकते, आणि तिचा झोत खांबावरून जवळच्या माणसाकडे उडी घेऊ शकतो. त्या वेळी हवी भिंतींची, तारा आणि नळ असलेली पक्की इमारत, नाहीतर धातूच्या टपाचे बंद वाहन. वारसावाल्यांना ही गोष्ट अडचणीची वाटते म्हणून ते बोलत नाहीत, आणि पाडापाडीवाल्यांना ती ठाऊकच नसते. पण यावरून निष्कर्ष काय काढायचा? होडी भूकंपात उपयोगी पडत नाही म्हणून कोणी होड्या मोडत नाही. प्रत्येक छपराच्या खांबावर ठळक अक्षरांत लिहावे की गडगडाट ऐकू आला तर इथे थांबू नका, आणि जवळची पक्की इमारत कोणत्या दिशेला, किती पावलांवर आहे, हेही लिहावे. तशी इमारत जवळ नसेल तर छपराची जागाच चुकली आहे.

उरतो तो देखभालीचा आणि मालकीचा प्रश्न, आणि इथे इतिहास जरा सावधगिरी शिकवतो. फ्लॉरेन्सच्या मुख्य चौकात १३७६ ते १३८२ या काळात तीन विशाल कमानींची एक उघडी ओसरी बांधली गेली. प्रजासत्ताकाचे समारंभ लोकांच्या डोळ्यांसमोर, पण पावसापासून सुरक्षित व्हावेत, हा तिचा हेतू. पुढे प्रजासत्ताक बुडाले, कोझिमो द मेदिची सत्तेवर आला, आणि त्याच्या जर्मन भाडोत्री सैनिकांचा पहारा त्याच ओसरीत बसू लागला. त्या सैनिकांना म्हणत लांझी. ओसरीला आजही जग ‘लोज्जा देई लांझी’ म्हणूनच ओळखते. ज्या छपराखाली सत्ता लोकांसमोर उभी राहत होती त्याच छपराखालून ती लोकांवर नजर ठेवू लागली, आणि नाव टिकले ते पहारेकऱ्यांचे. गझिबोत कायमची चौकी बसवा, म्हणजे उपद्रव थांबेल, असे सुचवणाऱ्यांनी हे उदाहरण मनात ठेवावे. उपद्रव थांबेल, पण त्याबरोबर छपराचे कामही थांबेल.

चौकी नको तर दुकान द्या, हा दुसरा सल्ला. कोणीतरी चहा-कॉफी विकेल, झाडलोटही करेल. हा सल्ला मी सरसकट धुडकावणार नाही; छपराजवळ विक्रेता असणे चांगले, कारण दिवसभर तिथे एक जागी नजर राहते. पण छपराखाली विक्रेता आला की काय होते, हे ‘किऑस्क’ या शब्दाने आपल्यासमोर घडवून दाखवले आहे. बागेतल्या मंडपाचे नाव युरोपात वर्तमानपत्रांच्या टपरीला लागले, टपरीला पाठ आली, मग खिडकी, आणि आज किऑस्क म्हणजे पैसे टाकून तिकीट काढायचे यंत्र. शब्द तोच राहिला, फक्त त्यातून माणसाला उभे राहायची जागा गेली. बसथांब्यांची गोष्टही याच वळणाची. जाहिरातीच्या उत्पन्नातून थांबा उभारायचा आणि सांभाळायचा, ही पद्धत फ्रान्समध्ये ल्याँ शहरात १९६४ मध्ये जेसीदेको या कंपनीने सुरू केली आणि ती जगभर गेली. तिने हजारो थांब्यांना छप्पर दिले, हे श्रेय द्यायलाच हवे. पण जाहिरातीचा फलक म्हणजे शेवटी एक भिंत. आणि छप्पर किती रुंद असावे यापेक्षा फलक किती मोठा असावा याचा विचार आधी झाला की परिणाम काय होतो, हे पावसात फलकाला चिकटून उभ्या राहिलेल्या कोणालाही विचारावे.

तेव्हा जबाबदारी कोणाची तरी, आणि नावानिशी, असली पाहिजे. पण ती चौकीदाराची किंवा गाळेधारकाची नको. प्राचीन चीनमध्ये छिन आणि हान राजवटींत रस्त्यांवर ठरावीक अंतराने ‘थिंग’ नावाची ठाणी असत. वाटसरूंचा मुक्काम आणि त्या टापूची सुव्यवस्था या दोहोंसाठी तिथे एक प्रमुख नेमलेला असे. हान घराण्याचा संस्थापक ल्यू बांग सम्राट होण्यापूर्वी असाच एका ठाण्याचा प्रमुख होता. पुढे हाच शब्द चिनी बागांतल्या उघड्या मंडपाला मिळाला. ती ठाणी म्हणजे आजचे गझिबो नव्हेत, आणि त्या अधिकाऱ्यासारखा अंमलदार मला नको आहे. त्यातला घेण्यासारखा भाग एवढाच की थांबण्याच्या जागेला उत्तरदायी माणूस होता. ब्रिटनमधल्या बागांत १८६१ नंतर उभे राहिलेले ओतीव लोखंडाचे वाद्यमंच याचा उलट दाखला आहेत. वाद्यवृंद वाजत होते तोवर ते झळाळत राहिले. दुसऱ्या महायुद्धात त्यांपैकी कित्येकांचे लोखंड भंगारात गेले. आणि जे वाचले त्यांतले अनेक पुढे गंजत पडले, कारण वादक गेल्यावर त्यांची देखभाल नेमकी कोणाची, हे कोणी ठरवलेच नव्हते. त्यांना उपद्रवी लोकांनी मारले नाही.

म्हणून पुढच्या वेळी एखादा गझिबो पाडण्याचा ठराव येईल तेव्हा त्यावर मत देण्याआधी क्रम उलटा करून पाहावा. भोवतीचे कुंपण आधी काढावे, जाळी असेल तर ती काढावी, एक मंद पण रात्रभर जळणारा दिवा लावावा, वळचण मोजावी आणि ती उंच असेल तर छपराला खाली झुकणारी एक पट्टी जोडून घ्यावी, फुटका बाक बदलावा, झाडण्याचे काम एका नेमलेल्या माणसाकडे द्यावे आणि त्याचे नाव नसले तरी त्याच्या कार्यालयाचा क्रमांक खांबावर लिहावा. हे सगळे करायला पाडापाडीपेक्षा फार जास्त खर्च येणार नाही. त्यानंतर एक पूर्ण उन्हाळा आणि एक पूर्ण पावसाळा जाऊ द्यावा, आणि मगच, शक्यतो भर पावसात, त्याच छपराखाली उभे राहून तो ठराव पुन्हा वाचावा.